परत फिरवणारा माणूस

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. नुप्त्सेची भिंत आणि एव्हरेस्टचाच पश्चिमेकडचा खांदा मध्ये येतो. शिखर बघायचं तर शेजारच्या काला पत्थरवर चढावं लागतं. बेस कॅम्प म्हणजे ५,३६४ मीटर उंचीवर, खुंबू हिमनदीच्या पाठीवर पसरलेले दगडधोंडे. वसंतात गिर्यारोहकांच्या तंबूंनी रंगीत, एरवी करडे. एवढंसं बघायला जगभरातून माणसं येतात, पुण्या-मुंबईचीही येतात. वर्षभराची रजा साठवतात, नवे बूट आधी घरातल्या घरात घालून रुळवतात, आणि लुक्लाच्या जेमतेम ५२७ मीटर लांबीच्या तिरप्या धावपट्टीवर जीव मुठीत धरून उतरतात. पुढची वाट मळलेली असते. दूधकोशीवरचे झुलते पूल, वाटेतल्या मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंती, झोपक्यांच्या (याक-गाईच्या संकरातल्या जनावरांच्या) घंटा, दर काही तासांवर एखादं लॉज आणि त्यात गरम डाळ-भात. वाट चुकायची म्हटली तरी सहजी चुकत नाही. सामान हमालाच्या पाठीवर असतं. मग गाइडला पैसे द्यायचे ते नेमके कशाचे? वर नेण्याचे, असं सगळेच म्हणतील. माझं मत उलटं आहे. त्याची खरी मजुरी परत फिरवण्याची आहे, आणि या धंद्यात जे काही बिघडलंय ते त्याचा हा अधिकार कमजोर झाल्यामुळे बिघडलंय.

बेस कॅम्पवर दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. शरीर हे ओळखतं आणि कामाला लागतं, पण त्याचं काम सावकाश चालतं. आधी श्वास वाढतो. श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्ताचा तोल ढळतो. तो सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकत राहतात, आणि याला दिवस लागतात. रात्री दोन-तीनदा उबदार स्लीपिंग बॅग सोडून गारठ्यात बाहेर जावं लागतं म्हणून वैतागणाऱ्याच्या ध्यानात येत नाही की आतलं खातं इमानाने चाललंय. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. लोणचं घाईने मुरत नाही, तशी उंचीही अंगात मुरू द्यावी लागते. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा, असा दंडक आहे. ३,४४० मीटरवरच्या नामचे बाजारला तो वाढीव मुक्काम पडतो. त्या दिवशी गाइड मंडळींना ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलापर्यंत चढवतो आणि झोपायला पुन्हा खाली आणतो. पुष्कळांना हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. गंमत म्हणजे हे हॉटेल १९७०च्या दशकात सुरू झालं ते पाहुण्यांना विमानाने थेट जवळच्या स्यांगबोचेला उतरवण्याच्या कल्पनेवर, आणि तिथे खोल्यांतून ऑक्सिजनची सोय ठेवावी लागली. पैशाने उंची विकत घेता आली. ती मुरवणं मात्र विकत मिळालं नाही.

१९५३ची ब्रिटिश मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून पायी निघाली होती. याच वाटेवरच्या तेंगबोचेला पोहोचायला तिला दोन आठवड्यांहून जास्त लागले, आणि त्यानंतरही तिने आसपासची खिंडी-शिखरं पालथी घालून अंग उंचीला सरावू दिलं. तेव्हा दुसरी सोय नव्हती म्हणून का होईना, पण सवड होती. १९६४मध्ये एडमंड हिलरींच्या पुढाकाराने लुक्लाची धावपट्टी झाली, ती शाळा-दवाखान्यांचं सामान आणण्यासाठी. तिने खुंबूवर मोठे उपकार केले. पण पाहुण्याचे जे दिवस तिने वाचवले, नेमक्या त्याच दिवसांत त्याचं शरीर तयार होत असे. हा नुसता तर्क नाही. १९७६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हॅकेट आणि रेनी या डॉक्टरांनी फेरिचे येथे, ४,२४३ मीटरवर, तपासलेल्या २७८ ट्रेकरांचा अभ्यास छापून आला. निम्म्याहून अधिकांना, ५३ टक्क्यांना, उंचीचा त्रास झालेला होता. लुक्लाला विमानाने उतरलेल्यांत आणि भराभर चढलेल्यांत तो जास्त होता, आणि तरुणांत जास्त होता. पाठीवरच्या ओझ्याशी त्याचा संबंध आढळला नाही.

तरुणांचा हा मुद्दा आपल्याकडच्या मंडळींनी नीट ऐकावा असा आहे. सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढतो, आम्हाला बोट धरून न्यायला माणूस कशाला? पाय तयार असतात, यात वाद नाही. पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटरचं आहे आणि लुक्लाची धावपट्टीच २,८०० मीटरच्या वर. सह्याद्री दम, तोल, उन्हा-पावसाचा सराव सगळं शिकवतो. विरळ हवा तेवढी शिकवू शकत नाही, कारण ती त्याच्यापाशी नाही. उलट तिथला गुणच इथे वैरी होतो. ज्याच्या पायांत जोर तो पुढे जातो, आणि पुढे जाणाराच आधी आडवा होतो. गाइड सारखं ‘बिस्तारै, बिस्तारै’ (सावकाश, सावकाश) म्हणत असतो ते दमलेल्यांसाठी नसतं, न दमलेल्यांसाठी असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नियम छापलेले आहेत, माणूस सज्ञान आहे. मग आपला निर्णय आपणच का घेऊ नये? नेपाळ सरकारने एप्रिल २०२३पासून परदेशी ट्रेकरना गाइड सक्तीचा केला, तेव्हा खुद्द खुंबूच्या पालिकेनेच तो नियम आपल्या हद्दीत लागू केला नाही. सक्ती मलाही रुचत नाही. एकट्याने चालण्यात जे आहे ते घोळक्यात नाही, हेही खरं. पण या वाटेवर एक अडचण अशी आहे की ज्या अवयवाने निर्णय घ्यायचा तोच उंचीने आधी मंदावतो. मेंदूला सूज येऊ लागली की माणसाला सरळ रेषेत पावलं टाकता येत नाहीत, आणि आपल्याला काही झालंय हे कळणाऱ्यांत तो शेवटचा असतो. त्याच्याही आधीच्या पायरीवर, साध्या डोकेदुखीत, बुद्धी शाबूत असते पण लाज आडवी येते. एवढे पैसे घातले, ऑफिसात सांगून आलो, दोस्त पुढे चाललेत, कशाला बोला? दुखणं लपवण्यात आपण एरवीही पटाईत. तेव्हा निकाल देणारा बाहेरचाच हवा, ज्याला शिखराचं अप्रूप उरलेलं नाही असा.

पैसे मोजून घेतलेलं साहस कसलं, अशी टिंगलही होते. मी ती अर्धी मान्य करतो. बेस कॅम्पच्या दगडापाशी फोटोसाठी रांग लागते तिथे साहस थोडंच उरतं. पण पैशाचा खरा तोटा तिथे नाही. ज्याने पैसे दिले त्यालाच ‘नाही’ म्हणायचं, हे अवघड काम आपण गाइडवर टाकतो आणि वर त्याची बक्षिसी त्याच माणसाच्या खुशीवर ठेवतो. रजा कमी म्हणून पुढचा दिंगबोचेचा वाढीव मुक्काम गाळून टाका, असं गिऱ्हाईकच सुचवतं. एखादी कंपनी तेच कमी दिवसांचं पॅकेज म्हणून विकते. मग गाइडचा नकार निघताना, कागदावरच, खोडलेला असतो.

आता सर्वांत अडचणीचा पुरावा. परत फिरवणंही विकलं जातं. २०१८मध्ये नेपाळमध्ये हेलिकॉप्टर-सुटकेचा घोटाळा उघडकीला आला: किरकोळ त्रास झालेल्यांना घाबरवून हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं, एकाच उड्डाणात अनेकांना आणून प्रत्येकाच्या विम्यातून पूर्ण भाडं उकळायचं, आणि त्यात गाइडपासून इस्पितळापर्यंत वाटे. मग परत फिरवणाऱ्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा? माझ्या मते हा घोटाळा माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, त्याची बाजू बळकट करतो. उंचीच्या त्रासावरचं पहिलं औषध खाली उतरणं हे आहे, आणि बहुतेक वेळा ते वेळीच घेतलं तर पायीच घेता येतं. काहीशे मीटर उतरलं, एक रात्र काढली, की डोकं हलकं होतं, आणि पुष्कळदा दोन दिवसांनी पुन्हा वरही जाता येतं. या उतरण्यात कुणाला दमडीही सुटत नाही. फुफ्फुसात पाणी झालेल्याला हेलिकॉप्टर हवंच. पण ‘वर चला’ आणि ‘उडून जा’ या दोन्ही सल्ल्यांत पैसा आहे, फक्त ‘आज थांबू, उद्या उतरू’ यात नाही. म्हणून गाइडची मजुरी वर पोहोचलेल्यांवर ठरू नये, आणि खाली आणलेल्यांवरही ठरू नये, दिवसांवर ठरावी. निघण्याआधी कंपनीला विचारायचा प्रश्न हा आहे. स्लीपिंग बॅग किती उणे अंशाची, हे नंतर विचारलं तरी चालेल.

आणि हा सगळा हिशेब पाठीवर डोको (टोपली), कपाळावर नाम्लो (ओझ्याचा पट्टा) घेऊन चाललेल्याला लावला तर? खुंबूतले हमाल सगळे शेर्पा नसतात. पुष्कळसे खालच्या खोऱ्यांतले राई, तामाङ. त्यांनाही उंची मुरवावीच लागते. ट्रेकरचं ओझं वाहणाऱ्याला ३० किलोंची मर्यादा सांगितली जाते, ती मोडल्याचं दिसतं तरी. त्याची डोकेदुखी दिसतही नाही, कारण बोलला तर रोज बुडतो. संध्याकाळी लॉजच्या शेगडीभोवती ऑक्सिमीटर फिरतो, प्रत्येक जण बोट पुढे करतो, आकड्यांवरून थट्टा होते. ज्याने सगळ्यांच्या सॅक वर आणल्या त्याचं बोट त्या फेरीत क्वचितच असतं. परत फिरवण्याची मजुरी आपण देतोय असं म्हणायचं असेल, तर ती त्याच्याही वाट्याची धरून द्यावी लागेल, आणि तो आजारी पडून उतरला तर त्याचा रोज चालू राहील आणि सोबतीला कुणीतरी जाईल, एवढं पैसे भरतानाच कंपनीकडून लिहून घ्यावं लागेल.