बंदरं मोजणं सोडलं

आठवड्यात सहा बंदरं दाखवते ती क्रूझ पैसा वसूल, असं मी कित्येक वर्षं ज्याला त्याला ऐकवलं. माझा जन्म लेखापरीक्षणात गेलेला, त्यामुळे वहीत रकाने आखायची खोड जात नाही. बंदर, उतरायची वेळ, परतायची वेळ, माणशी खर्च. भाड्याला बंदरांच्या संख्येने भागायचं आणि ज्या जहाजाचा भागाकार कमी येईल ते पक्कं करायचं. ज्या दिवशी जहाज कुठेच लागत नाही, त्या 'सी डे'वर माझ्या वहीत सरळ काट असे. आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी या वहीवरून तिकिटं काढली. आता मी त्यांना उलटंच सांगते, तेव्हा ते चमकून बघतात. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

वही पहिल्यांदा खटकली ती रोमला. म्हणजे कागदावर रोम. जहाज लागतं ते चिवितावेक्या नावाच्या बंदरात, आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. जहाज सकाळी सातला धक्क्याला लागलं तरी उतरणाऱ्यांची रांग, बंदराच्या आवारातली बस, मग स्टेशन, तिकीट, गाडी असं करत शहरात पाय ठेवेपर्यंत दहा वाजतात. संध्याकाळी सातला सुटायचं म्हणजे साडेसहाच्या आत जहाजावर, आणि गाडी चुकायची धास्ती इतकी की दुपारी तीनपासूनच डोळा घड्याळावर. कोलोसियमबाहेर एक फोटो, त्रेव्हीच्या कारंज्याशी एक, मध्ये उभ्याउभ्या पिझ्झ्याचा तुकडा. घरी येऊन वहीत 'रोम' लिहिलं आणि आतली ऑडिटर म्हणाली, या व्हाउचरला पुरावा काय?

मग मागची पानं चाळली. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून पुढे दीडेक तास. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, दोनशे किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, रेल्वेने जायला जवळपास तीन तास आणि यायला तेवढेच. कंपन्या खोटं बोलत नाहीत, बंदराचं खरं नाव कंसात छापलेलं असतं. कंस वाचायचाच मी जन्मभर पगार घेतला, पण सुट्टीवर असताना तोही वाचला नाही.

तरी मत बदललं ते रोममुळे नाही, अलास्कामुळे. मुलगी सिॲटलला असते आणि बोटी तिथूनच सुटतात. सात रात्रींत थांबे चार, त्यातला व्हिक्टोरियाचा संध्याकाळी काही तासांपुरता, आणि ग्लेशियर बेमध्ये तर कुणी उतरतच नाही. जहाज सकाळी आत शिरतं, दिवसभर पाण्यावर हिंडतं, संध्याकाळी बाहेर पडतं. भाडं मात्र भूमध्य समुद्रापेक्षा जास्त. भागाकार इतका वाईट आला की मी नाहीच म्हटलं असतं, पण मुलीने तिकिटं काढून ठेवली होती.

इथे व्हिसाचं सांगून टाकते, कारण आपली माणसं नेमकी इथेच अडकतात. व्हिक्टोरिया कॅनडात आहे आणि तो थांबा हौसेचा नसतो. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी उचलून अमेरिकेतलीच बंदरं फिरवायची असतील, तर मध्ये कुठेतरी परदेशी बंदराला लागावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या झेंड्यांखाली चालतात. म्हणून सिॲटलहून अलास्काला निघालेलं जहाज कॅनडाला शिवून येतं. मुलीकडे ग्रीन कार्ड, तिला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे ही गोष्ट तिच्या ध्यानीमनीही नव्हती. आपल्या पासपोर्टला लागतो, तुम्ही व्हिक्टोरियाला खाली उतरणार नसलात तरी. आधी व्हिसाचा अर्ज, मग तिकीट. आमचं उलट झालं आणि ते आठवडे मी पुन्हा काढणार नाही.

ग्लेशियर बेच्या दिवशी नवऱ्याने पहाटे पाचला उठवलं. हा माणूस घरी आठशिवाय डोळे उघडत नाही. पुढच्या उघड्या डेकवर गेलो तर अंगावर चार थर असूनही दात वाजत होते. थोड्या वेळाने एक लहान बोट शेजारी आली आणि राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजाच्या कुशीला सोडलेल्या शिडीवरून वर चढले. दिवसभर तेच ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात, त्यामुळे आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा हे आखात नव्हतंच म्हणायचं. आठेक किलोमीटरची खाच आणि पलीकडे नुसता बर्फ. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर तो बर्फ पन्नासेक किलोमीटर मागे हटला होता. म्हणजे ज्या पाण्यावरून आम्ही तासन्‌तास चाललो होतो, ते सगळं सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी हिमनदीच्या पोटात होतं. रेंजरबाई हे बाजारभाव सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगत होत्या.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं. दीडेक किलोमीटर रुंद भिंत, पाण्याच्या वर पंचवीस मजले. रंग पांढरा नाही, भेगांमधून निळा, आणि त्यावर मातीचे काळे पट्टे. फोटोत हे पट्टे घाण दिसतात, प्रत्यक्षात तेच बघत राहावंसं वाटतं. मग भिंतीचा एक कोपरा निसटला आणि पाण्यात गेला, अगदी निःशब्द. आपण 'अरे' म्हणेपर्यंत काहीच नाही, आणि मग आवाज आला, तोफेसारखा. अंतर किती आहे ते तेव्हा कळलं. कप्तानाने जहाज जागच्या जागी हळूहळू फिरवलं, दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं म्हणून. डेकवर वाटाण्याचं गरम सूप वाटत होते. त्यात बहुधा हॅम असतं, शाकाहारी असाल तर विचारून घ्या. मी विचारलं, आणि मला बिनहॅमचं वेगळं आणून दिलं.

वहीत त्या दिवसापुढे बंदर शून्य.

ज्यूनो वहीत बंदर म्हणून धरलं जातं, पण तेही बोटीचंच ठिकाण. अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे येणारा रस्ताच नाही. विमानाने या नाहीतर बोटीने. तेव्हा माझं आताचं म्हणणं एवढंच: जिथे बोटीशिवाय नीट जाता येत नाही तिथे बोटीने जावं, आणि जिथे रेल्वे जाते तिथे रेल्वेने जाऊन चार दिवस राहावं. नॉर्वेचे फियॉर्ड, अलास्का, अंटार्क्टिका ही बोटीची ठिकाणं. रोम, पॅरिस, बार्सिलोना नव्हेत.

यावर मुलगी म्हणाली, आई, ज्यूनोत तरी तू गर्दीतलं आणखी एक माणूस म्हणूनच गेलीस ना? खरं आहे. बत्तीस हजार वस्तीचं गाव आणि एका दिवसात पाच जहाजं. २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं घ्यायची असं गावाने कंपन्यांशी बोलून ठरवलं, आणि २०२६ पासून रोज १६,००० प्रवासी, शनिवारी १२,००० अशी मर्यादा घातली. धक्क्यालगतच्या रस्त्यावर हिऱ्यांची दुकानं एकाला एक लागून. एका दुकानात मला चक्क 'आइए, भाभीजी' म्हणून बोलावलं. दोन गल्ल्या आत गेलं की गर्दी संपते. तिथे लोक कुत्री फिरवत होते आणि आमच्याकडे मुद्दाम बघत नव्हते. या बाबतीत माझ्याजवळ स्वच्छ उत्तर नाही. लहान जहाज घ्यावं, मेच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरात जावं, एवढं करता येतं.

आता केबिनचं. अलास्काला बाल्कनी हवीच, असं सगळे सांगतात, मीही सांगायचे. आता सांगत नाही. बाल्कनीतून एकच बाजू दिसते, आणि देवमासा दुसऱ्या बाजूला उसळतो. आतली बिनखिडकीची केबिन घ्या, वाचलेले पैसे खिशात ठेवा आणि दिवसभर उघड्या डेकवर राहा. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर असावी, तिथे हेलकावे सगळ्यांत कमी. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची. आपल्याला बोट लागते की नाही हेच माहीत नसेल, तर मुंबईहून गोव्याची दोन रात्रींची सफर करून बघावी, पावसाळा सोडून. काही बंदरांत धक्काच नसतो. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. कोकण बोटीच्या काळी पडावातून उतरायचे, तेच. गुडघे धरले असतील तर असलं बंदर सोडून द्या. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग केबिनमध्ये पोचेपर्यंत संध्याकाळ होते. फोन जहाज सुटताच विमान मोडवर, नाहीतर समुद्रावरच्या रोमिंगचं बिल तिकिटाची आठवण करून देईल.

पहिल्या दिवशीच्या सुरक्षा कवायतीला लोक कंटाळतात. कंटाळू नका. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज १३ जानेवारी २०१२ ला जील्यो बेटापाशी खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. ते त्याच संध्याकाळी चिवितावेक्याहूनच सुटलं होतं, आणि तिथे चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. चोवीस तासांत केव्हाही घ्या, असा तेव्हाचा नियम. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. लाइफबोटीकडे जाणारा जिना मी तेव्हापासून पायांनी चालून बघते, नकाशावर नाही.

आणि टिप. माणशी रोज सोळा ते वीस डॉलर आपोआप बिलात चढतात. मी पूर्वी स्वागतकक्षात जाऊन ती रक्कम काढून घ्यायचे. म्हणायचे, ज्याने काम केलं त्याच्या हातात देईन. आमच्या टेबलावर वाढणारा मडगावचा मुलगा होता, कोंकणी-मराठी सरमिसळ बोलणारा. त्याला हे अभिमानाने सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, मॅडम, मी तुम्हाला दिसतो. खाली कपडे धुणारा दिसत नाही, भांडी घासणारा दिसत नाही, तो पैसा त्या सगळ्यांत वाटला जातो. त्याचा करार आठ महिन्यांचा, आठवड्याची सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्या. वजाबाकी मला येते. दुसऱ्या दिवशी मी काढून घेतलेली रक्कम परत चढवायला सांगितली. काउंटरवरच्या मुलीला असं कुणी सांगितल्याची सवय नसावी, तिने दोनदा विचारलं.

हे सगळं मी परवा आमच्या शेजारीण वहिनींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पण आमची तिकिटं झाली आहेत, आठवड्यात सहा बंदरं, तुमच्याच वहीवरून. मग म्हटलं, ठीक आहे, निदान रोमचं नीट करा. गाडीने शेवटपर्यंत तेर्मिनी स्टेशनला जाऊ नका, आधी सान पिएत्रो लागतं, तिथे उतरा. सेंट पीटर्स तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. कोलोसियम त्या दिवशी विसरून जा. व्हॅटिकनची संग्रहालयं बघायची असतील तर तिकीट इथूनच काढा, आणि रविवार नाही ना तेवढं बघा, महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर ती बंद असतात.

वहिनींनी मोबाइलवर तारीख काढली. रविवारच होता, महिन्यातला दुसरा.