चांद नसलेली रात्र

आकाशाच्या फोटोग्राफीचं सामान तपासायला रात्र कुठली निवडायची? हिजरी कॅलेंडर बघायचं, बस. अठ्ठावीस तारखेला चांद पहाटे उगवतो, तोवर काळोख आपलाच. त्यात डिसेंबर, आभाळ निरभ्र. जुना कॅमेरा, 135 मिलिमीटरची लेन्स आणि सेकंडहँड ट्रॅकर घेऊन मी सोसायटीच्या गच्चीवर गेलो.

जाण्याआधी वॉचमनला सांगितलं. रात्रीची वेळ, लाल बॅटरी, तिपाई, वर रोखलेली नळी आणि माणसाचं नाव माझ्यासारखं. सांगून ठेवलेलं बरं. या छंदाचा हा खर्च कुठल्या दुकानाच्या बिलात नसतो.

पृथ्वी फिरते, म्हणून या लेन्सने शटर दोन-तीन सेकंदांहून जास्त उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ट्रॅकर कॅमेऱ्याला ताऱ्यांच्या गतीने फिरवतो. पण त्याचा अक्ष ध्रुवाकडे हवा. युरोपातल्या व्हिडिओंत ध्रुवतारा चांगला उंचावर असतो. पुण्यात तो क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश आणि माझ्यापुढे नेमकी शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. तिपाई तीनदा हलवली. शिवाय हा तारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर आहे, तेवढा फरकही ठेवावा लागतो.

30 सेकंदांना तारे गोल आले, 60 लाही. 120 ला अंडाकृती. म्हणजे 60.

मग देवयानी दीर्घिका. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी सन 964 च्या सुमारास तिची नोंद ‘छोटा ढग’ अशी केली, तीही नुसत्या डोळ्यांनी पाहून. माझ्या गच्चीवरून डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, शहराचा उजेड सगळं गिळतो. साठ सेकंदांनी स्क्रीनवर मात्र तो ढग आला, फिकट आणि तिरपा.

दहाच्या सुमारास वॉचमन वर आला. चौकशीला असेल म्हणून मी जरा ताठ झालो. त्याने स्क्रीन बघितला, मग पूर्वेकडे बोट केलं, ‘ते तिकांडं. गावाकडं म्हातारी माणसं त्यावरून रात्र मोजायची.’ मी त्याला कृत्तिका दाखवल्या. आमच्या घराघरांत असणारं सुरैया हे नाव त्यांचंच, म्हटलं. नक्षत्रांच्या मोजणीत कृत्तिका तिसऱ्या, आणि अरबांच्या चांदच्या मंझिलांतही सुरैया तिसरीच. ‘मग एकच की,’ तो म्हणाला आणि गेटवर गेला.

एक वाजता लेन्सवर दव धरलं. पुढच्या अठ्ठावीस तारखेला हीटरची पट्टी तपासायची आहे. वॉचमनने विचारलंय, पोराला आणलं तर चालेल का.