एक नंबरचं लेणं

डिसेंबर आला की बाबांच्या कॅलेंडरवर एकच गोष्ट असते : सवाई! पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव रमणबागेत होता तेव्हाही बाबा पुढच्या सतरंजीवर असायचे, आणि २०१८ साली तो मुकुंदनगरला गेला तेव्हाही. भैरवी सुरू झाली की त्यांचा चष्मा उतरतो आणि रुमाल बाहेर येतो.

आणि मी? लहानपणी त्याच सतरंजीवर झोपायचे. मोठी झाल्यावर खाण्याच्या स्टॉलपाशी सापडायचे. ‘तुला काहीच होत नाही का गं?’ बाबा विचारायचे. त्यात राग नसायचा, काळजी असायची. तीच जास्त लागायची.

मग एकदा बार्सिलोनातल्या संशोधकांबद्दल वाचलं. काही धडधाकट माणसांना सूर व्यवस्थित ओळखता येतात, पैसे जिंकल्यावर आनंदही होतो, पण गाण्यातून सुख मिळत नाही, असं त्यांनी २०१४ साली दाखवून दिलं. चला, म्हणजे आपण अगदीच दगड नाही! बाबांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, ‘असेल.’

मागच्या जानेवारीत आम्ही दोघंच अजिंठ्याला गेलो. फर्दापूरजवळ गाडी ठेवायची, तिथून बसने आत. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा आणि त्यात ओळीने खोदलेली लेणी. पायऱ्या चढताना बाबांचे गुडघे कुरकुरत होते.

पहिलंच लेणं एक नंबरचं. चपला बाहेर. आत अंधूक उजेड, डोळे सरावायला वेळ लागतो. आणि मग भिंतीतून हळूहळू पद्मपाणी समोर येतो. हातात कमळ, मान किंचित कललेली, पापण्या झुकलेल्या. चिखलाचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, त्यावर रंग. पाचव्या शतकाच्या अखेरीचं काम! त्या चेहऱ्यावर दुःख आहे की माया, ठरवेपर्यंत माझा गळा दाटून आला. ऑफिस, अप्रेझल, ईएमआय... सगळं गायब. गालावरून पाणी ओघळतंय हेही उशिरा कळलं.

शेजारी पाहिलं, तर बाबा घड्याळ बघत होते!

‘छान आहे,’ ते म्हणाले. ‘उजेड जरा कमी आहे.’

मी चिडलेच. ‘बाबा, तुम्हाला काहीच होत नाही?’

बोलले आणि जीभ चावली. हे वाक्य कुणाचं ते दोघांनाही कळलं होतं. बाबा हसले. ‘असेल आमचंही काहीतरी. तुझ्या बार्सिलोनावाल्यांना विचार.’

बाहेर आलो. पाय निघत नव्हता. बाबांनी ते बघितलं आणि पायरीवर बसकण मारली. ‘जा परत आत. मी तुझ्या चपला सांभाळतो.’

मी वीस मिनिटांनी आले, तर माणूस खरंच माझ्या चपला शेजारी ठेवून बसला होता. त्यांना काय दिसलं नाही ते मी समजावलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

यंदा सवाईला मी भैरवीपर्यंत बसणार आहे. डोळे कोरडे राहतील बहुतेक. रुमाल मात्र मी धरीन.

तुम्हीही जाताय? छत्रपती संभाजीनगरहून साधारण १०० किलोमीटर. सोमवारी लेणी बंद, आत फ्लॅशला बंदी. आणि सोबतच्याला घाई असेल, तर चपला त्याच्याकडे द्या!