निकटचा भूतकाळ

इटालियन भाषकांस इंग्रजी भूतकाळ शिकविताना आमची खरी अडचण निराळीच असते. उत्तर इटलीत कालची गोष्ट असो वा वीस वर्षांपूर्वीची, बोलताना ती 'पास्सातो प्रोस्सिमो', म्हणजे निकटच्या भूतकाळातच सांगतात. 'दूरचा भूतकाळ' तेथे बहुधा पुस्तकांतच भेटतो. हा निकट भूतकाळ घडणीने इंग्रजी पूर्ण वर्तमानाचा सख्खा भाऊ दिसतो, आणि फसगत होते ती त्यामुळेच. इंग्रजीत सरलेले साल उच्चारले की 'हॅव' या साहाय्यकास तेथे थारा नाही.

मिलानची एक विद्यार्थिनी म्हणाली, "माय मदर हॅज डाइड इन २०१९." आम्ही 'हॅज' गाळावयास सांगितले. तिने विचारले, "म्हणजे आई इतकी दूर गेली?"

नियमास उत्तर नियमानेच द्यावे लागले. तेव्हापासून आजवर जे चालू आहे, ते इटालियन माणूस आपल्या मराठीप्रमाणेच साध्या वर्तमानकाळात सांगतो. इंग्रजी मात्र तेथेच 'हॅव' मागते. 'आय हॅव मिस्ड हर एव्हर सिन्स,' असे आम्ही फळ्यावर लिहिले. मृत्यूच्या वाक्यातून गेलेले साहाय्यक विरहाच्या वाक्यात परतले होते. तिने ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले.