बोरं

आमच्या लिफ्टचं दार बंद व्हायला किती वेळ लागतो, हे मी गेल्या आठ दिवसांत चार वेळा मोजलं. सात सेकंद. तेवढ्यात एक वाक्य सहज बोलून होतं. मी बोलले नाही.

मोजायचं सुचलं ते मुलामुळे. तो हल्ली 'साकुरा तायसेन' खेळतो. सेगा सॅटर्नवर १९९६ साली आलेला जपानी खेळ. त्याचं इंग्रजी चाहत्यांनीच केलं, तेही २०१९ मध्ये. १९२०च्या दशकातलं टोकियो. रंगमंचावर काम करणाऱ्या मुली वेळ आली की वाफेवर चालणारी चिलखतं चढवून राक्षसांशी लढतात. ओगामी हा त्यांचा तरुण कप्तान. लढाया नसतात तेव्हा त्या त्याच्याशी बोलतात. पडद्यावर दोन-तीन उत्तरं येतात आणि वेळ सरू लागतो. तो सरला तरी खेळ अडत नाही. गप्प बसणं हेही उत्तरच धरलं जातं. त्यावरून कुणी रुसते, कुणी उलट जवळ येते आणि तिच्या मनातल्या विश्वासाप्रमाणे पुढच्या लढाईतलं तिचं बळही बदलतं. एकदा मुलाने मुद्दाम काहीच दाबलं नाही. "इथे गप्पच राहायचं असतं," म्हणाला. हे त्याला कसं कळलं, ते विचारायचं राहून गेलं.

आई म्हणायची, बोलेल त्याची बोरं विकतील. पण बोरंच का? आवळे, पेरू, चिंचा का नाहीत? बोर आतून किडकं आहे की गोड, हे वरून दिसत नाही, म्हणून सगळी भिस्त विकणाऱ्याच्या जिभेवर, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती. आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर बसणारी बोरंवाली मात्र एक अक्षर बोलत नसे. टोपलीवर ओलं फडकं, पत्र्याचं माप, पुडीत तिखट-मीठ. भाव विचारला की बोटं दाखवायची. माप भरून झालं की वर चार बोरं जास्तीची टाकायची. मधल्या सुट्टीनंतर टोपली रिकामी. म्हणजे म्हण खोटी म्हणायची? की ती चार बोरं हेच तिचं बोलणं? आज वाटतं, ती बोलत नव्हती की तिला बोलता येत नव्हतं, हे आम्ही पोरांनी कधी विचारलंसुद्धा नाही. चार वर्षं तिची बोरं खाल्ली.

इथे शारजात, आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत एक सिद्र आहे. आपल्या बोरीच्याच कुळातलं झाड, तसेच काटे, तशीच फळं. फळाला नबक म्हणतात. सिद्रच्या मधाला इथे मोठा मान. पानं वाटून केस धुतात आणि मुसलमान घरांत माणसाच्या अखेरच्या आंघोळीच्या पाण्यातही ती घालतात. मुलाच्या बोरन्हाणाला बाजारात मनासारखी बोरं मिळाली नव्हती, तेव्हा याच झाडाखाली वेचली होती. वेचायला आम्ही दोघी होतो, मी आणि तिसऱ्या मजल्यावरची ती. हातांना काटे बोचलेले, एकीच्या ओढणीत दोघींची बोरं. तेव्हा किती बोलायचो!

या देशात आल्यावर मी पहिल्यांदा शिकले ते 'माफी मुश्किल'. अरबीत 'मा फी' म्हणजे नाही. काही अडचण नाही, एवढाच अर्थ. किराणावाला म्हणतो, टॅक्सीवाला म्हणतो, वॉचमन म्हणतो. सुरुवातीला माझ्या मराठी कानाला ते भलतंच ऐकू यायचं आणि मी दचकायचे. मग सवय झाली, मीही म्हणू लागले. गेल्या आठवड्यापासून ते पुन्हा पहिल्यासारखं ऐकू येतंय.

मुलाने आणखी एका खेळाचं सांगितलं, १९८७ साली सुरू झालेल्या 'मेगामी तेन्सेई'चं. त्यात राक्षसाशी लढण्याऐवजी बोलणी करता येतात. तो पैसे मागतो, प्रश्न विचारतो, आणि सगळं घेऊनही कधी नुसता निघून जातो. जुन्या भागांत तर पौर्णिमेच्या रात्री राक्षस बोलणीच करत नाहीत. "मग काय करायचं?" मी विचारलं. "थांबायचं," तो म्हणाला. किती थांबायचं, हे त्या खेळात चंद्र दाखवतो.

काल संध्याकाळी सिद्रखाली गेले. ओंजळभर नबक वेचली. लिफ्टमध्ये आमच्या मजल्याचं बटण दाबलं, मग तिसऱ्याचंही. तिसऱ्यावर दार उघडलं. समोर तिच्या दाराबाहेर चपला होत्या. मी मोजायला लागले.