हॅलो, आवाज येतोय का?

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी माझ्या लॅपटॉपची वाचा बसली. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत व्यवस्थित बोलत होता बिचारा. म्हणजे मी त्याच्यावर पिक्चर बघत होतो, हेडफोन लावून, कारण शेजारी बायको झोपली होती. सकाळी उठलो, चहा घेतला आणि दहा वाजता सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. शनिवारचा दहाचा कॉल म्हणजे आमच्याकडे आरतीसारखा असतो. चुकवायचा नाही.

पडद्यावर बाबा आले. नेहमीप्रमाणे अर्धं कपाळ आणि वरचा पंखा. ओठ हलले. आवाज शून्य.

आता अशा वेळी "बाबा, मला ऐकू येत नाहीये" असं सांगायला किती वेळ लागतो? पण मी काय केलं माहितीये? हसलो. मान डोलावली. "हो, हो" म्हणालो. वाटलं, येईल आवाज इतक्यात, कशाला उगाच त्यांना मध्ये थांबवा. अर्धा मिनिट हे नाटक चाललं. मग बाबा गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिले तेव्हा कळलं की त्यांनी काहीतरी विचारलंय आणि ते उत्तराची वाट बघतायत. मुकाट्याने कॉल कट केला आणि मोबाईलवरून आईला सांगितलं, "लॅपटॉप बिघडलाय, तासाभरात करतो."

(हा अर्धा मिनिट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

"तू सॉफ्टवेअरवाला ना? मग होईल की दोन मिनिटांत," इति बायको. नातेवाईकांना प्रिंटरपासून गीझरपर्यंत सगळं सॉफ्टवेअरवाल्याने दुरुस्त करावं असं वाटतं, हे एक वेळ मी समजू शकतो. पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने तरी...! असो.

तर माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. ज्यांनी २००८ च्या आसपास लिनक्स वापरलंय, त्यांच्यासमोर नुसतं "लिनक्स आणि आवाज" म्हटलं तरी जुनी दुखणी वर येतात. त्या वर्षी एप्रिलच्या आवृत्तीत उबुंटूने पल्सऑडिओ आणलं, आणि नंतर कित्येक रविवार आम्ही ते बंद कसं करायचं हे शोधण्यात घालवले. पुढे ते सुधारलं. मग २०२२ च्या ऑक्टोबरपासून त्याच्या जागी पाइपवायर आलं आणि आवाजाची तक्रार करायची सवयच गेली. पण जुना संशय जात नाही. त्यामुळे पहिला आरोपी अर्थातच लिनक्स.

पहिला तास मी जे केलं त्याला प्रामाणिकपणे 'अंधारात दगड मारणे' म्हणतात. आवाज वाढवला. म्यूटचं बटण चारदा दाबलं. रीस्टार्ट केलं (आयटीतला काढा, कशावरही चालतो). आवाज चुकून दुसऱ्या खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरला तर जात नाही ना, बघितलं. ऑफिसच्या मॉनिटरची एचडीएमआयची केबल काढली. चार दिवसांपूर्वी अपडेट आलं होतं म्हणून जुन्या कर्नलवर बूट करून बघितलं. दोन कॉन्फिग फायली उडवल्या, मग घाबरून परत आणल्या. लॅपटॉप ढिम्म.

दुसऱ्या चहाच्या वेळी बाबांची आठवण झाली.

बाबा टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. एकतीस वर्षं नोकरी. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या सायकलवर मागे बसून जायचो. खांद्याला कातडी पिशवी, त्यात पक्कड, तारेचं भेंडोळं आणि दोन चिमटे लावलेला टेस्टिंगचा फोन. लोक १९८ ला फोन लावून तक्रार नोंदवायचे, की बाबांना चिठ्ठी मिळायची: अमुक नंबर, डेड. मला वाटायचं, आता एक्स्चेंजपासून घरापर्यंतची सगळी तार तपासणार. पण नाही. बाबांचा एकच मंत्र होता: "अर्ध्यात तोडायची."

म्हणजे असं. एक्स्चेंजमध्ये एक भली मोठी चौकट असते, गावातली प्रत्येक लाईन तिथे येऊन मिळते. तिला एमडीएफ म्हणतात. तिथे टोन आहे का? आहे. म्हणजे एक्स्चेंज सुटलं, फॉल्ट बाहेर. मग वाटेतल्या खांबावरच्या डीपीला चिमटे लावायचे. तिथे टोन आहे? मग अलीकडची सगळी लाईन सुटली. राहिली घरापर्यंतची तार आणि घरातलं डबडं. दोन-तीन फेऱ्यांत फॉल्ट हातात. "जे चालतंय ते आधी वगळ. उरेल तो फॉल्ट," असं म्हणायचे. पुढे नोकरीत गिट बायसेक्ट शिकलो तेव्हा टीममधले सगळे कौतुकाने बघत होते आणि मी मनात म्हणत होतो, अरेच्चा, हे तर सायकलवर शिकलोय की!

फॉल्ट काढला की बाबा तिथूनच एक्स्चेंजला फोन लावायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे: "हॅलो, आवाज येतोय का?"

तर अर्ध्यात तोडली. गाणं लावलं आणि व्हॉल्यूम कंट्रोल उघडला. गाण्याबरोबर मीटर नाचत होता. म्हणजे प्लेअरपासून पाइपवायरपर्यंत टोन आहे, तेवढं सुटलं. मग हेडफोन लावला. खणखणीत आवाज! म्हणजे ड्रायव्हर सुटला, साउंडची चिपही सुटली. (हे मी तासाभरापूर्वी का केलं नाही, कृपया विचारू नये.) हेडफोन काढला. पुन्हा शांतता. आता सेटिंग नीट वाचलं. तिथे लिहिलं होतं, आउटपुट: हेडफोन्स. हेडफोन माझ्या हातात, आणि लॅपटॉप म्हणतोय लावलेला आहे!

टर्मिनलवर अल्सामिक्सर उघडलं. त्यात 'ऑटो-म्यूट मोड' नावाचा एक पर्याय असतो. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप गप्प करायचा, एवढंच त्याचं काम. तो बंद केला आणि स्पीकर बोलायला लागला. म्हणजे स्पीकरही निर्दोष. उरली फक्त एक गोष्ट, हेडफोनचं भोक.

जुन्या ट्रांझिस्टरमध्ये पिन घातली की आतली पत्ती हलून स्पीकरची तार खरोखरच तुटायची. माझ्या लॅपटॉपमध्ये पत्ती आहे, पण ती फक्त चिपला निरोप देते: पिन आली, पिन गेली. आवाज कुठे पाठवायचा हे मग सॉफ्टवेअर ठरवतं. टॉर्च मारून आत बघितलं तर तळाशी राखाडी काहीतरी. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हळूच उकरलं. सॅकमधल्या कापसाचा तांदळाएवढा गोळा निघाला. रात्री हेडफोनच्या पिनेने तो आत ठासला गेला असणार, पत्ती अडकली, आणि पिन निघाली तरी तसा निरोप काही गेला नाही. रात्रभर लॅपटॉप नसलेल्या कानांना इमानेइतबारे आवाज पाठवत होता.

हुश्श! बायकोला तो गोळा दाखवला. ती म्हणाली, "यासाठी दीड तास?"

पुन्हा सांगलीला कॉल लावला. आवाज येत होता. मी उत्साहात बाबांना सगळी कथा सांगितली: अर्ध्यात तोडली, टोन बघितला, कापूस निघाला. बाबा हसत होते, मान डोलावत होते. "हो, हो," म्हणाले. मग मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी असा फॉल्ट मिळाला होता का?"

बाबा म्हणाले, "हो, हो. आज ऊन आहे."

मला एकदम सकाळचा तो अर्धा मिनिट आठवला. तेच हसू. तीच मान. तेच "हो, हो". फक्त मी ते अर्धा मिनिट केलं होतं. बाबा किती दिवस करत होते?

फोन ठेवल्यावर एकेक आठवायला लागलं. टीव्हीचा आवाज. "साखर संपलीय" म्हटल्यावर "भाकरी कशाला आता?" असं त्यांनी विचारणं, आणि आम्ही सगळे हसलो होतो ते. संध्याकाळी कट्ट्यावर जाणं त्यांनी बंद केलं होतं, तर आई म्हणाली होती, "यांचं आजकाल कशात लक्षच नसतं." मीही म्हणालो होतो, वय झालं, चालायचंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, काही महत्त्वाचं सांगायचं असलं की मी "आईला दे" म्हणायचो. पैशांचं, डॉक्टरांचं, आमच्या येण्या-जाण्याचं सगळं आईशी. कोणी ठरवलं नव्हतं, पण घराने बाबांना ऑटो-म्यूट करून टाकलं होतं. आणि ज्या माणसाने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लाईनी तपासल्या, त्यांची लाईन कोणी एकदाही तपासली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी रात्री स्वारगेटहून बस पकडली.

बाबांना हे सांगणं सोपं नव्हतं. "मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता," हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर, पेपर तोंडासमोर धरणे. आई स्वयंपाकघरातून खुणा करत होती की राहू दे. मग मी त्यांच्या समोर जाऊन बसलो, पेपर खाली केला आणि म्हणालो, "बाबा, १९८ ला तक्रार आलीय. चिठ्ठी फाडून चालतं का? टेस्ट तरी करावी लागेल ना?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणी केली तक्रार?"

"मी."

"हं," म्हणाले आणि उठून शर्ट बदलायला गेले.

डॉक्टरांनीही अर्ध्यातच तोडली. आधी दोन्ही कानांत बघितलं. उजव्या कानात मळ घट्ट बसला होता, तो काढला. (मला वाटलं, संपलं! कापसाचा गोळा!) पण तेवढ्यावर भागलं नाही. मग काचेच्या खोलीत बसवून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे बारीक बारीक आवाज ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. पुढे पुढे बाबांचा अंगठा बटणावर नुसताच थांबून राहिला होता.

आलेख हातात आला. डावीकडे, म्हणजे खालच्या सुरांना रेघ ठीक होती. २००० च्या पुढे घसरगुंडी. डॉक्टरांनी समजावलं, की वयाबरोबर आधी वरचे सूर जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, ख यांच्यासारखी व्यंजनं वरच्या पट्टीत, ती हरवतात. म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि ओरडून फायदा नसतो, कारण ओरडल्यावर मोठे होतात ते मुख्यतः स्वरच. (साखर आणि भाकर. आम्ही हसलो होतो.)

बाबांनी चष्मा लावून आलेख नीट बघितला. म्हणाले, "फोनच्या लाईनवर तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ जायचं. तेवढ्यात अख्खं गाव बोलायचं. माझी लाईन त्याहून अरुंद झाली म्हणा की." डॉक्टर चकित. मी मात्र उगाचच खिडकीबाहेर बघत होतो.

आता श्रवणयंत्र आलंय. सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पहिल्या आठवड्यात बाबांना ताटल्यांचा खणखणाट सहन होईना. सवय व्हायला महिने लागतात म्हणे. दिवसातून चार तास लावतात, बाकी वेळ डबीत. कट्ट्यावर एकदाच गेले, चार जण एकदम बोलायला लागले की अजून गोंधळ होतो. पण गेले. मीही शिकतोय: समोर बघून बोलायचं, हळू बोलायचं, एका वेळी एकानेच. आणि "आईला दे" म्हणायचं नाही, हे सगळ्यात अवघड.

कालच्या शनिवारी कॉल लावला. अर्धं कपाळ आणि पंखा. बाबांनी जुन्या सवयीने विचारलं, "हॅलो, आवाज येतोय का?"

"येतोय बाबा. तुम्हाला?"

ते थोडे थांबले. पूर्वी "हो, हो" म्हणून मोकळे झाले असते.

"येतोय. पण शेवटचा शब्द गेला. परत बोल."

परत बोललो.

असो, खूपच लांबलं. या शनिवार-रविवारी घरी फोन कराल तेव्हा पलीकडचं "हो, हो" जरा नीट ऐका.