बेलापूरच्या वाटेवर एक दिवस

माघातील एका प्रातःकाळी आम्ही भाच्यासह सायकलींवर नेरूळहून बेलापूरकडे निघालो. घाई कसलीच नव्हती. उजव्या हातास खाडी; ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा माना वाकवून चरत होता. त्या शोभेपुढे अर्धा तास कसा गेला, ते आम्हांस कळले नाही.

बेलापूरच्या किल्ल्याचे आता थोडेच अवशेष उरले आहेत. सिद्दी, पोर्तुगीज व मराठे यांच्या हातून गेलेला हा किल्ला १८१७ साली इंग्रजांनी घेतला. चिमाजी आप्पांनी शंकरास बेलाची माळ वाहण्याचा नवस केला, त्यावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. व्युत्पत्ती म्हणून तिजवर विसंबू नये. भाविकतेने मात्र ऐकावी.

जवळच्या दिवाळे गावी एक वृद्ध जाळे सांधीत बसले होते. "बाबा, पूर्वी येथे काय होते?" आम्ही पुसले.

"भातशेती नि मिठागरं," ते म्हणाले आणि समोरच्या उंच इमारतींकडे त्यांनी बोट केले.

१९७० साली सिडको स्थापन झाली व नव्या नगरासाठी आगरी-कोळ्यांच्या जमिनी संपादिल्या गेल्या. न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात लढा झाला. त्यात पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे ठरले.

आमची सदनिका कोणाच्या शेतावर उभी आहे, हे इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारले नव्हते. नातवंडांना भूगोल सांगताना यापुढे हेही सांगावे, असा निश्चय करून आम्ही घरी परतलो.